सोडलेल्या माशांचा संसार



मी राहतो गोवंडीला. आमच्या बाजारात पहाटे कोंबड्यांच्या गाड्या येतात. जाळीच्या खुराड्यांत दाटीने बसवलेल्या पांढऱ्या कोंबड्या. सगळ्या एका वयाच्या, एका वजनाच्या. त्या पाहिल्या की मला आजोळची तांबडी कोंबडी आठवते. महाड तालुक्यात माझे आजोळ. तिथे आजी फुटक्या टोपलीत भाताचा पेंढा घालून खुडूक झालेली कोंबडी अंड्यांवर बसवी. एकवीस दिवस ती कोंबडी जागची हलत नसे. कोणी हात घातला तर चोच मारी. एकविसाव्या दिवशी टोपलीत चिवचिवाट सुरू होई, आणि आम्हा पोरांचा दिवस सार्थकी लागे.

आता अंड्यांसाठी जी पांढरी लेगहॉर्न कोंबडी पाळतात, ती सहसा खुडूक होत नाही. ही काही तिची खोड नव्हे. खुडूक झालेली कोंबडी अंडी द्यायची थांबते, म्हणजे मालकाचा तोटा. आणि अंडी उबवायला यंत्र आहेच. तेव्हा खुडूक न होणाऱ्या कोंबड्याच पुढच्या पिढीसाठी निवडत गेले. पिढ्यानुपिढ्या असे चालल्यावर कोंबडी आईपण विसरली. जोवर यंत्र आहे तोवर तिचे काही अडत नाही. पण तिला रानात सोडून दिली आणि सांगितले, की बाई, आता तुझा वंश तूच चालव, तर काय होईल?

हा प्रश्न आज मला कोंबडीविषयी नाही, माशांविषयी विचारायचा आहे. माणसाने उबवून, वाढवून नदीत सोडलेला मासा आणि नदीतच जन्मलेला मासा, यांच्यात पुढे संसार कोणाचा चांगला होतो?

मी भूगोलाचा माणूस. प्राणिशास्त्र माझा विषय नव्हे. पण हा प्रश्न मला माझ्याच एका विद्यार्थिनीने घातला आणि मी त्याला चुकीचे उत्तर दिले, म्हणून तो माझ्या मागे लागला. त्याचे असे झाले. मुलांना घाटमाथ्यावरची धरणे दाखवायला मी वर्ग घेऊन लोणावळ्याला गेलो होतो. कुर्ल्याला गाडी बदलायची, कल्याणला पुन्हा बदलायची, असे करत आम्ही पोचलो. मुंबईच्या मुलांना या धरणांचे महत्त्व सांगावे लागते. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवता हे तलाव बांधून त्यांचे पाणी नळांतून खाली खोपोलीला सोडले आणि १९१५ सालापासून त्या पाण्याची वीज मुंबईला मिळू लागली. जे पाणी इंद्रायणीने भीमेला, भीमेने कृष्णेला देऊन बंगालच्या उपसागरात जायचे, ते सह्याद्रीच्या अलीकडे उतरून अरबी समुद्राच्या वाटेला लागले. भूगोलाच्या मास्तराला यापरते सुख कोणते!

वळवणच्या तलावाकाठी टाटांचे मासे उबवण्याचे केंद्र आहे, ज्याला आपण हॅचरी म्हणतो. तिथे महसीर नावाचा मासा वाढवतात. आपल्याकडे त्याला खडस, कुठे खडशी म्हणतात. हातभर लांब, मोठाल्या खवल्यांचा, कमालीचा जोरकस असा हा गोड्या पाण्यातला मासा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ च्या सुमारास पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाचे वर्णन शास्त्रीय ग्रंथांत नोंदवले, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने तो अस्सल पुणेकर. देहू-आळंदीच्या डोहांत लोकांनी त्याला देवाचा मासा म्हणून जपले. पण बाकी नद्यांत सुरुंगाचे बार, विषारी वनस्पती, बारीक जाळी, धरणे आणि घाण पाणी यांनी त्याची दैना केली. तेव्हा महाराष्ट्राचे माजी मत्स्यसंचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्याला या माशाची अंडी हाताने फलित करून उबवण्याचा प्रयोग केला. त्याचा वृत्तांत १९७१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुढे त्यांनी आणि एस. एन. ओगले यांनी मिळून हे काम वाढवले.

काम सोपे नव्हते, हे लक्षात घ्या. रोहू मासळी एका वेळी लाखांनी अंडी घालते. खडस काही हजारांवर भागवते. पण तिचे अंडे मोठे असते, अडीच-तीन मिलिमीटरचे, पिवळसर आणि जड. पावसाळ्यात तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी मासे गोळा होतात. तिथे जाळ्याने पिकलेली मादी आणि नर धरायचे, मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी भांड्यात घ्यायची, त्यावर नराचे वीर्य पिळायचे, पिसाने ढवळायचे आणि मग वाहत्या पाण्यातल्या ट्रेमध्ये ती पसरायची. तीन-चार दिवसांत पिले बाहेर पडतात आणि ट्रेच्या कोपऱ्यात डोके खुपसून, शेपट्या वर करून ढिगाने पडून राहतात. नदीत असती तर अशीच गोट्यांच्या सांदीत लपून राहिली असती. कुलकर्णी-ओगल्यांनी एक नामी गोष्ट शोधली. ही फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळून लांबच्या प्रवासाला पाठवता येतात. पाण्याचे पिंप नको, काही नको. या युक्तीने खडस पुढे कुठल्या कुठे पोचली.

तिथली टाक्यांमधली बोटुकली पाहून मुले हरखली. बोटुकली म्हणजे बोटभर लांबीची पिले. त्याहून लहान, नुकती उबलेली असतात त्यांना मत्स्यजिरे म्हणतात. हे दोन्ही शब्द तळ्याचा ठेका घेणाऱ्या आपल्या बांधवांना पाठ असतील. इतक्या वर्षांत इथून लाखो बोटुकली ठिकठिकाणच्या नद्या-तलावांत गेली, असे मी मुलांना सांगितले. तेव्हा मागे उभी असलेली, आमच्या गोवंडीच्याच वस्तीतली एक मुलगी म्हणाली,

"सर, सोडल्यावर त्यांना पुढे मुले होतात का?"

मी म्हणालो, "अगं, होणारच की. मासाच तो."

ती गप्प बसली. पण तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते, की उत्तर तिला पटले नाही. घरी आल्यावर मलाही पटेना. सोडले किती हा आकडा मी तिला सांगितला होता. तिने विचारले होते नातवंडांचे.

आता आपण जरा लांब जाऊ. पण त्याआधी कोकणातल्या श्रोत्यांनी मृगाचा पाऊस आठवावा. पहिल्या दमदार सरींनी ओहोळ वाहू लागले, की गाभोळीने भरलेले मासे नदीतून ओहोळात, ओहोळातून थेट भाताच्या खाचरात चढतात. आपण त्याला वलगण म्हणतो. रात्री कंदील घेऊन वलगणीचे मासे धरायला मीही मामाबरोबर गेलो आहे. अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, वरच्या स्वच्छ उथळ पाण्यात जायचे, ही माशांची जुनी रीत.

उत्तर अमेरिका आणि युरोपात सामन नावाचा मासा हीच वलगण फार मोठ्या प्रमाणावर करतो. डोंगरातल्या थंड ओढ्यात तो जन्मतो, समुद्रात जाऊन दोन-तीन वर्षे खाऊनपिऊन वाढतो, आणि अंडी घालायच्या वेळी शेकडो मैल नदी चढून बहुधा आपल्याच जन्माच्या ओढ्यात परत येतो. मादी शेपटीने वाळू-गोटे उडवून खळगा करते, नर तिच्यासाठी एकमेकांशी झुंजतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोलंबिया नदीवर मोठी धरणे झाली, १९३८ साली बॉनव्हिल, पुढे ग्रँड कूली, आणि ही वाट ठिकठिकाणी अडली. त्याची भरपाई म्हणून तिथे हॅचऱ्या काढल्या आणि कोट्यवधी पिले नदीत सोडली. म्हणजे जे लोणावळ्याला झाले, तेच तिथे कितीतरी आधी आणि कितीतरी पटींनी झाले. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला तिथे जावे लागते.

कोलंबियाला ऑरेगन राज्यात हूड नावाची नदी मिळते. तिच्यावर पॉवरडेल नावाचे एक धरण होते. २०१० साली ते पाडले. ते उभे असताना, १९९१ पासून, वर चढणारा प्रत्येक स्टीलहेड मासा तिथे अडवत, त्याचे एक-दोन खवले काढून घेत आणि मग त्याला वर जाऊ देत. स्टीलहेड हा सामनचाच भाऊबंद. खवल्यातून त्याची आनुवंशिक खूण, म्हणजे डीएनए, मिळते. काही वर्षांनी त्या माशांची मुले समुद्रातून परत आली, की त्यांचेही खवले घेतले जात. मग खवल्याला खवला लावून कोणाचे मूल कोणते हे ठरवता येई. आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात वारसनोंद असते ना, तशी ही माशांची वारसनोंद! नदीच्या प्रत्येक माशाचा वंश कागदावर.

या वारसनोंदीवरून हितोशी अराकी, मायकेल ब्लूइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली हिशेब मांडला. तो वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. मासा जितक्या पिढ्या हॅचरीत काढतो, तितक्यांदा त्याची नदीत वंश वाढवण्याची ताकद पिढीमागे सुमारे ४० टक्क्यांनी घटत जाते. पुष्कळ पिढ्या नव्हे हो, एकेका पिढीला!

यावर कोणी म्हणेल, की बरोबरच आहे. टाकीत आयते खाऊन वाढलेल्या पोराला नदीत पोट भरता येत नाही. पण त्याची मुले नदीतच जन्मतील, ती शिकतील. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून त्याच मंडळींनी २००९ साली पुढची पायरी तपासली. मासे असे घेतले, की जे स्वतः नदीत जन्मले, नदीत वाढले, पण ज्यांचे आईबाप दोघेही हॅचरीतले होते. दोन्ही जंगली आईबापांच्या मुलाला जर १०० वंशज झाले, तर या माशांना सरासरी ३७ झाले. एक पालक जंगली आणि एक हॅचरीतला असेल, तर ८७. म्हणजे कमतरता नुसती सवयीची नव्हती, रक्तात उतरली होती.

असे का होते? इथे मला आजीची टोपली पुन्हा आठवते. नदीत माशाची हजारो पिले जन्मतात आणि त्यांतली बहुसंख्य मरतात. पूर येतो, पाणी आटते, मोठे मासे खातात, बगळे टिपतात. जी उरतात ती चतुर आणि काटक असतात. त्यांचाच वंश पुढे चालतो. हॅचरीत बहुतेक सगळी जगतात, कारण हॅचरी त्यासाठीच काढलेली असते. टाकीत दाटीने राहणारा, माणसाची सावली दिसली की खाण्यासाठी वर धावणारा मासा तिथे झपाट्याने वाढतो. नदीत वर सावली दिसली की तळाला पळायचे असते. सावली बगळ्याची असते! शिवाय जोडीदार निवडायची मुभा नाही. हाताला जो नर आला त्याचे वीर्य पिळले. झुंजायला नको, खळगा करायला नको. २०१२ साली हूड नदीच्याच माशांवर आणखी एक निबंध आला. हॅचरीत ज्यांची पिले सर्वांत चांगली जगली-वाढली, त्यांचीच पिले नदीत सर्वांत कमी टिकली, असे त्यात दिसले. कॅनडात तर हॅचरीतल्या चिनूक सामनची अंडीच पिढ्यानुपिढ्या लहान होत गेल्याचे २००३ साली आढळले. सुरक्षित ट्रेमध्ये लहान अंडेही जगते, मग मोठ्याची गरज काय?

नॉर्वेत २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याहून कडक आहे. तिथे इम्सा नावाच्या लहान नदीत जंगली सामन आणि शेतीत पाळलेले, खाण्यासाठी पिढ्यानुपिढ्या निवडून वाढवलेले सामन एकत्र सोडले. विणीच्या हंगामात पाळलेल्यांना जंगलींच्या एक तृतीयांशही यश आले नाही. आणि जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब धरला, तर १६ टक्के. पण ते मासे विक्रीसाठीच निवडलेले होते, हे इथे ध्यानात ठेवले पाहिजे. नदीत सोडण्यासाठी एक-दोन पिढ्या हॅचरीत काढलेले मासे इतके हीन नसतात. सामनच्या चार जातींवरचे असे सहा अभ्यास २०१४ साली एकत्र पडताळले, तेव्हा त्यांचे यश सरासरीने जंगली माशांच्या निम्मे निघाले.

मग हॅचऱ्या बंद कराव्या? तसेही नाही. आयडाहो राज्यात जॉन्सन क्रीक नावाचा ओढा आहे. तिथे नेझ पर्स या आदिवासी जमातीने चिनूक सामन वाढवायचे काम हाती घेतले. त्यांनी एक नियम कसोशीने पाळला. हॅचरीसाठी दरवर्षी आईबाप नव्याने घ्यायचे ते त्याच ओढ्यातले आणि तेही नदीत जन्मलेलेच. हॅचरीचा मासा हॅचरीत पुन्हा घ्यायचा नाही. २०१२ साली त्यांचा हिशेब आला. मासे वाढले होते, आणि वंशाची ताकद फारशी घटली नव्हती. कोंबडीच्या भाषेत सांगायचे, तर अंडी यंत्रात उबवली, पण अंड्यांसाठी कोंबडी मात्र दर खेपेला खुडूक होणारीच घेतली.

माझ्या मते सगळे इथे येऊन ठरते. लोणावळ्यालाही सुरुवातीच्या प्रयोगांत तलावातलेच मासे धरून अंडी काढली होती. पुढे तळ्यात पाळलेल्या नर-माद्यांना मस्तकातल्या ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊनही वीण घेता येऊ लागली. सोय झाली, यात शंका नाही. पण सोय आली की टाकीतल्याच माशांवर भागवायचा मोह येतो, तो कुठल्याही केंद्राला येतो.

आणि आता या गोष्टीचे दुसरे टोक सांगतो. लोणावळ्याची खडस १९७० च्या दशकानंतर कावेरीत सोडली गेली. हेतू चांगला होता, महसीर वाढावी. पण कावेरीत स्वतःची वेगळी महसीर होती. पाठीवर बैलासारखे वशिंड असलेली, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. गळ टाकून मासा धरायचा आणि पुन्हा सोडून द्यायचा, असा छंद करणाऱ्यांच्या तिथल्या तळांवर प्रत्येक माशाची नोंद ठेवत. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी अॅड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. आपली निळसर परांची खडस वर्षागणिक जास्त मिळू लागली होती. वशिंडाची महसीर कमी कमी मिळत होती, पण जी मिळे ती वजनाने भारी होत चालली होती. हे ऐकून बरे वाटेल कोणाला. पण अर्थ पाहा. म्हातारे उरले होते, पोरे येत नव्हती. ज्या घरात वर्षावर्षाने माणसांचे सरासरी वय वाढत जाते, त्या घरी पाळणा हलत नसतो. तिचे नेमके शास्त्रीय नाव ठरले ते २०१८ साली, तोर रेमादेवी. आणि त्याच साली ती अत्यंत धोक्यातल्या जातींच्या यादीत गेली. वाळूचा उपसा, सुरुंग, आटलेले पाणी, ही कारणेही तिथे आहेतच. सगळा दोष खडशीवर घालता येणार नाही. पण परका भाडेकरू घरात भरला आणि मूळ मालक वळचणीला गेला, हे नाकारताही येत नाही.

तेव्हा त्या मुलीला मी दिलेले उत्तर दोन्ही बाजूंनी तोकडे होते. सोडलेल्या माशांना आपल्या नदीत पुरेशी मुले होतील याची खात्री नाही, आणि दुसऱ्याच्या नदीत नको इतकी होऊ शकतात. कॉलेज सुरू झाल्यावर मी तिला बोलावून हे सांगितले. तिने पुढचा प्रश्न तयारच ठेवला होता. "मग सर, सोडलेला मासा कोणता आणि नदीचा कोणता, हे ओळखायचे कसे?" अमेरिकेत सोडण्याआधी सामनच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा लहानसा मांसल पर छाटतात, तोच शिक्का. खडस पडली रोहूच्या कुळातली, तिला तो पर मुळात नसतोच. तिच्यासाठी खवल्याचीच वारसनोंद ठेवावी लागेल. आईबापांचे खवले सोडण्याआधी जपून ठेवायचे, आणि पुढे पाच-सात वर्षांनी नदीतल्या पिलांशी ताडून पाहायचे. मासे सोडण्याच्या समारंभापेक्षा या कामाला खर्च फार नाही, पण त्यात फोटो निघत नाही.

शिक्षकबंधूंना एक सांगतो. तुमच्या शाळेजवळून ओढा वाहत असेल, तर मुलांकडून एक वही भरून घ्या. पहिली वलगण कोणत्या तारखेला, कोणते मासे चढले, भाद्रपदात उथळ पाण्यात पिले दिसली का, केवढी. पाच वर्षांची अशी वही ही मोठी दौलत होईल.

तळेवाल्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तुमच्या तळ्यातल्या कटला, रोहू, मृगळ यांना संसार करायचाच नसतो. वर्षभरात वाढून बाजारात जायचे असते. १९५७ साली ओरिसातल्या अंगुळला डॉ. हिरालाल चौधुरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांची वीण घेतली, तेव्हापासून नदीतले बी गोळा करत फिरण्याचा त्रास वाचला. हे उपकारच झाले. पण तिथेही रक्ताचा हिशेब सुटत नाही. एकनाथ आणि डॉयल या दोघांनी कर्नाटकातल्या १८ मत्स्यबीज केंद्रांची पाहणी करून १९९० साली दाखवले, की थोड्याच माशांवर वीण घेतल्यामुळे नात्यातल्या नात्यात संकर होण्याचे प्रमाण पिढीमागे २ पासून १७ टक्क्यांपर्यंत पोचते. आपण सोयरीक करताना कूळ-गोत्र पाहतो आणि माशांच्या बाबतीत सख्ख्या भावंडांची लग्ने लावतो! म्हणून बी घेताना नुसता भाव विचारू नका. नर-माद्या किती ठेवता, बाहेरून नव्या कधी आणल्या, हेही विचारा. माझ्या मामाने एके वर्षी असे काही न विचारता स्वस्तात बोटुकली आणली. एकाच दिवशी, एकाच तळ्यात सोडलेली. वर्षअखेर काही किलोभराची झाली आणि निम्मी पावशेरावरच अडकली. खाणे, पाणी, दाटी यांचाही त्यात हात असेल. मामा मात्र अजून त्या बियालाच शिव्या देतो.

याच मामाची शेवटची गोष्ट. गेल्या श्रावणात मी आजोळी गेलो, तेव्हा अंगणात दोन घमेली भरून बोटुकली वळवळत होती. तळ्यात टाकून उरलेली.

"बरा आलास," मामा म्हणाला. "चल, ही वाळण कोंडात सोडून येऊ. देवीचा डोह आहे. पुण्य लागेल."

वाळण कोंड ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या तालुक्यात काळ नदीवर खडकात खोल डोह आहे. काठी वरदायिनी देवीचे ठाणे. डोहातली खडस देवीची. तिला कोणी मारत नाही. कुठल्या कायद्याशिवाय ती तिथे पिढ्यानुपिढ्या राखली गेली आहे.

"मामा, ही कटला-रोहूची पोरे आहेत," मी म्हणालो. "मूळची गंगेकडची. त्यांचे इथे काय काम?"

"मग तुझ्या त्या लोणावळ्याची खडस आणून सोडू. ती तर आपलीच ना?"

"तीही नको. तिचे पाणी घाटापलीकडचे, बंगालच्या उपसागराचे. काळ नदी सावित्रीला मिळून इकडच्या समुद्रात जाते. मध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे. किती हजार वर्षांत या दोघींची गाठ पडली नसेल. कावेरीत काय झाले ते सांगतो, ऐक."

मामा ओटीवर बसून सगळे ऐकून घेत होता. मध्येच उठून त्याने घमेल्यांत ताजे पाणी ओतले. मी बोलायचा थांबल्यावर म्हणाला, "अरे, पण सोडायचे नाही, तर देवीसाठी करायचे काय माणसाने?"

याला माझ्याजवळ पुस्तकातले उत्तर नव्हते. मी म्हणालो, की वलगणीला चढलेली गाभोळीची मादी धरू नये. वरच्या अंगाला नदीतली वाळू-गोटे कोणी उपसू लागले तर गावाने अडवावे. मामा हसला. वलगणीचे नाव काढल्यावर तो हसणारच. त्या कंदिलाच्या रात्री आम्ही दोघांनी काय काय धरले होते, ते दोघांनाही आठवत होते.

बोटुकली परत तळ्यात गेली. कोंडावर आम्ही गेलो ते कुरमुऱ्यांची पुडी घेऊन. मामाने मूठभर पाण्यावर उधळले. आधी काळसर सावल्या वर आल्या, मग पाणी उसळले आणि हात-हातभर खडशी तोंडे उघडून एकमेकींवर पडू लागल्या. त्या मोठ्यांच्या धांदलीत मी कडेचे उथळ पाणी न्याहाळत होतो. खडकाच्या कपारीपाशी, बोटाएवढी, पंधरा-वीस पिले एका दिशेला तोंड करून प्रवाहात स्थिर उभी होती. मी मामाला खुणेने दाखवली. तो वाकून बघत म्हणाला, "ही कोणी सोडली?"

"कोणी नाही," मी म्हणालो.